पंधरा किलोंचा उन्हाळा

बोटीच्या कंपनीने पाठवलेल्या माहितीपत्रकात दोन वाक्यं होती, आणि त्या दोन वाक्यांच्या मधे मी तीन आठवडे अडकून पडलो. पहिलं वाक्य असं होतं: 'सफर ऐन उन्हाळ्यात असली तरी त्या भागात एकाच दिवशी ऊन, पाऊस, वारा, धुकं आणि बर्फ यांपैकी काहीही होऊ शकतं, तरी प्रवाशांनी त्या बेताने कपडे घ्यावेत.' दुसरं वाक्य चार पानं सोडून, बारीक अक्षरात होतं: 'बंदरापर्यंतचा शेवटचा टप्पा छोट्या विमानाचा असल्यामुळे प्रत्येकी एकच बॅग, वजन पंधरा किलो.' ही दोन वाक्यं लिहिणारी माणसं एकाच कचेरीत बसत असतील, एकाच मशीनचा चहा पीत असतील, पण एकमेकांशी बोलत नसावीत.

दुसऱ्या कोणाला पंधरा किलो म्हणजे पंधराच्या आसपास काहीतरी वाटेल. मला तसं वाटून घेता येत नाही. मी वजनमापे खात्यात निरीक्षक आहे. एकतीस वर्षं मी दुकानादुकानांतून, गोदामागोदामांतून लोकांचे काटे तपासत हिंडलो आहे. मी दुकानात शिरलो की आतला माणूस आधी काट्याकडे बघतो, मग माझ्याकडे, आणि मग म्हणतो, "या साहेब, बसा." हा मान मी कमावलेला आहे. त्यामुळे विमानतळावर कोणी एखादी मुलगी मला "काका, तुमची बॅग जड आहे" असं म्हणणं, हे मला परवडणारं नव्हतं.

जायचं ठरवलं होतं बायकोने. ती भूगोलाची बाई. त्याच वर्षी निवृत्त झाली. एकोणतीस वर्षं तिने हिमनदीचा धडा शिकवला, आणि निवृत्तीनंतरच्या पहिल्याच सोमवारी तिच्या लक्षात आलं की हिमनदी कशी तयार होते हे आपल्याला झोपेतसुद्धा सांगता येईल, पण ती समोर दिसते कशी याचा आपल्याला पत्ता नाही. ओल्या हातांनीच ती बाहेर आली आणि म्हणाली, "अहो, मला एकदा हिमनदी बघायची आहे." तिने आजवर माझ्याकडे मागितलेल्या गोष्टी एका हाताच्या बोटांवर मोजता येतील, आणि त्यातल्या दोन मी विसरलो होतो. म्हणून ही गोष्ट मी मनावर घेतली. मी मनावर घेतलेल्या गोष्टीचं जे होतं, ते झालं.

तिने स्वतःची बॅग चाळीस मिनिटांत भरली. मी ती दाराच्या कडीला ताणकाटा अडकवून तोलली. नऊ किलो तीनशे ग्रॅम.

"एवढ्यात झालं?" मी विचारलं.

"झालं की."

"आणि बर्फ पडला तर?"

"तर अंगावर आहे तेवढं सगळं घालायचं," ती म्हणाली आणि पेपर उघडला. हे उत्तर मला अशास्त्रीय वाटलं. मी रीतसर तक्ता केला. आडव्या ओळीत सफरीचे आठ दिवस, उभ्या रकान्यांत पाच हवा. दर दिवशी पाचही हवा होणार असतील तर चाळीस पोशाख लागत होते. तेवढी चैन नको म्हणून मी पाचच संच ठरवले: ऊन-संच, पाऊस-संच, वारा-संच, धुकं-संच आणि बर्फ-संच. धुकं-संचात नेमकं काय असावं याचा विचार करण्यात एक अख्खा रविवार गेला. पाचही संच भरून बॅग तोलली तेव्हा काटा तेवीस किलो सहाशेवर थांबला. कडीचा एक स्क्रूही ढिला झाला.

आमच्या खालच्या मजल्यावर चीफसाहेब राहतात. तीस वर्षं बोटीवर नोकरी करून निवृत्त झालेला माणूस. आमची बातमी जिना उतरून त्यांच्यापर्यंत पोचायला अर्धा दिवस लागला, आणि संध्याकाळी ते स्वतःचा चहाचा कप हातात घेऊनच वर आले. म्हणजे बैठक लांबणार होती.

"बनियन किती घेतलेत?" त्यांनी आल्या आल्या विचारलं.

"चार."

"चार? बोटीवर? अहो, डझनभर घ्या. बोटीवर बनियनशिवाय दुसरं काही लागत नाही."

"पण तिकडची थंडी?"

"कसली थंडी! पार वरच्या समुद्रात मी नऊ हिवाळे काढलेत. अंगात बनियन, खाली हाफ पँट आणि घाम पुसायला फडकं. बस्स."

मी ते लिहून घेतलं. मग त्यांनी मला खारं वारं, डोलणारी बोट आणि तिथले आचारी यांविषयी तासभर माहिती दिली. मी तीही लिहून घेतली. आतून बायकोने विचारलं, "चीफसाहेब, तुमची ड्यूटी बोटीवर कुठे असायची हो?"

"इंजिनरूममध्ये, वहिनी. पंचेचाळीस डिग्री. वर डेकवर मी फारसा कधी गेलो नाही. समुद्र म्हणाल तर तो घरी कॅलेंडरवरच नीट बघितला."

मी लिहिलेलं पान फाडलं नाही. सल्ला देणाऱ्यासमोर पान फाडणं बरं दिसत नाही. पण मनातल्या मनात फाडलं.

दुसऱ्या दिवशी दादाच्या बायकोचा, म्हणजे आमच्या वहिनीचा फोन आला. दादा आणि वहिनी फार पूर्वी एकदा चार दिवस एका थंड गावी राहून आले आहेत. तेव्हापासून आमच्या घराण्यात थंडी हा विषय वहिनीकडे आहे. फोनवर तिचं समाधान झालं नाही, म्हणून ती स्वतः आली. मागून दादा आला. त्याच्या दोन्ही हातांवर काहीतरी आडवं होतं. जिन्यात अंधार असल्यामुळे मला क्षणभर वाटलं की त्याने वाटेत चक्कर आलेल्या कोणालातरी उचलून आणलंय. तो ओव्हरकोट होता.

"हा घेऊन जायचा," वहिनी म्हणाली. "नाही म्हणायचं नाही. यांना त्या चार दिवसांत साधी शिंक आली नव्हती."

"वहिनी, वजनाचं जरा..."

"जीव मोठा की वजन मोठं?"

याला वजनमापे खात्याकडे उत्तर नाही. कोट चार किलो तीनशे भरला. तो खुंटीवर टांगल्यावर खोलीत तिसरं कोणीतरी उभं आहे असं वाटायचं, आणि बायको दिवा लावायला जाताना त्याला वळसा घालून जायची. निघताना दादा दारात रेंगाळला. वहिनी दोन पायऱ्या उतरल्यावर माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "परत आणलाच पाहिजे असं काही नाही हं."

आता माझा आकडा अठ्ठावीसच्या जवळ गेला होता. काय ठेवायचं आणि काय काढायचं हे अंदाजाने ठरवणं माझ्या स्वभावात नाही. तपासल्याशिवाय कुठलंही माप खरं मानायचं नाही, हे मी नवीन लागलेल्या निरीक्षकांना दर वर्षी शिकवतो. तर कपड्यांचीही चाचणी घ्यायची. पण आमच्या घरात त्या दिवसांत पंखा पाचवर ठेवूनही पाठीला शर्ट चिकटत होता. थंडी आणायची कुठून?

गावाबाहेर बटाट्याचं एक कोल्ड स्टोरेज आहे. तिथले काटे माझ्याच हद्दीत येतात, आणि मालकाशी माझी चांगली ओळख आहे. मी त्यांना फोन लावला आणि म्हटलं, "जरा अर्धा तास आत बसू द्याल का?"

"कोणाला?"

"मला आणि बायकोला."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग त्यांनी हळू आवाजात विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?"

मी सविस्तर खुलासा केला. ते म्हणाले, मी बाहेरगावी असेन, पण गेटवर सांगून ठेवतो. मी एक दिवसाची किरकोळ रजा टाकली. बायको यायला तयार झाली, कारण बटाटे कसे साठवतात हे तिला बघायचंच होतं. गेटवरच्या खोलीत आम्ही कपडे चढवले. बायकोने एक स्वेटर घातला. मी सगळ्यात आधी पाऊस-संच, त्यावर वारा-संच, त्यावर दादाचा कोट, नाकापर्यंत मफलर आणि डोक्यावर कानटोपी. पाऊस-संच आतून घालणं चूक झाली हे कळलं तोवर कोटाची बटणं लागली होती, आणि ती एकट्याने उघडण्यासारखी नव्हती.

आत मातीचा आणि ओल्या पोत्यांचा वास होता. छतापर्यंत लाकडी फळ्या, फळ्यांवर पोती, मधून अरुंद वाट आणि लांब कुठेतरी एक पिवळा दिवा. बायकोने पर्समधून तापमापक काढून बघितला. "तीन अंश," ती खूश होऊन म्हणाली. आम्ही दोन रिकाम्या खोक्यांवर बसलो. दर पाच मिनिटांनी मी मांडीवरच्या कागदावर नोंद करत होतो. पाच मिनिटं: नाक. दहा मिनिटं: गुडघे. पंधराव्या मिनिटाला वाऱ्याची चाचणी घ्यावी म्हणून गारवा सोडणाऱ्या मोठ्या पंख्यासमोर जाऊन बसलो. पावसासाठी मी घरून झाडांना पाणी घालायची झारी आणणार होतो, पण बायको म्हणाली की झारी आणलीत तर मी येणार नाही. वीस मिनिटं: कान, टोपी असूनही.

तेवढ्यात वाटेच्या टोकाशी बॅटरीचा उजेड दिसला. "कोण आहे तिकडे?"

तिथला सुपरवायझर होता. मालकांनी गेटवर सांगितलं होतं, याला सांगितलं नव्हतं. मी उठून वळलो. मफलर आणि टोपी यांच्यामधून माझे फक्त डोळे बाहेर असतील. त्याने बॅटरी माझ्या डोळ्यांवर धरली, नीट बघितलं, आणि मग जवळच्या पोत्यावर मटकन बसला.

"ओळखलं साहेब," तो म्हणाला. "पण एवढी थंडी सोसून लपून बसायची काय गरज होती? नुसतं बोलावलं असतंत तर मी येऊन सांगितलं असतं."

"काय सांगितलं असतं?"

बायकोने मागून माझा कोट ओढला. "विचारू नका. आपण निघू या." पण मी विचारून बसलो होतो.

"त्या मागच्या काट्याचं," तो म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

आता मी रजेवर होतो हे खरं. पण कान रजेवर नव्हते. मागच्या दाराजवळचा काटा बघितला तर तो पन्नास किलोमागे चारशे ग्रॅम खोटं बोलत होता. ते बघून गुपचूप घरी जाणं म्हणजे एकतीस वर्षांवर पाणी सोडणं. मी पंचनामा करायला बसलो. दुसरा कागद जवळ नव्हता, म्हणून 'वीस मिनिटं: कान' याच्या खाली एक रेघ मारली आणि तिथूनच सुरुवात केली. बायकोने पंच म्हणून सही करायला नकार दिला. ती म्हणाली, "मी बटाटे बघायला आले होते."

चौथ्या दिवशी ऑफिसात माझ्या टेबलावर मेमो होता. आपण रजेवर असताना तपासणी कोणत्या अधिकारात केली? वेषांतर करण्याची परवानगी कोणी दिली? घटनास्थळी हजर असलेली महिला कोण? पंचनाम्याच्या वरच्या भागात 'नाक', 'गुडघे' आणि 'कान' अशा नोंदी आहेत, त्यांचा तपासणीशी संबंध काय? आणि शेवटी ती ओळ, जी वाचून माझे खरोखरच गुडघे गार पडले: 'समाधानकारक खुलासा होईपर्यंत आपल्या दीर्घ रजेचा अर्ज स्थगित ठेवण्यात येत आहे.'

बोट सुटायला अकरा दिवस होते.

मी तो कागद घरी नेऊन बायकोला वाचून दाखवला. ती शेंगा सोलत होती. तिने सगळं ऐकून घेतलं, आणि एक शेंग सोलून झाल्यावर म्हणाली, "मग नाही जमणार का?"

बस चुकली का, असं विचारावं तशा आवाजात. ती चिडली असती, वहिनीकडे माझी तक्रार केली असती, तर मला बरं वाटलं असतं. पण ती सोललेले दाणे घेऊन आत गेली, आणि थोड्या वेळाने मी बघितलं तर तिने तिची बॅग उघडून वरची शाल बाहेर काढून कपाटात ठेवली होती. एकच शाल. बाकीचं तसंच होतं. त्या शालीने माझी भूक मेली.

मी खुलासा लिहिला. साडेचार पानं. खरं ते सगळं लिहिलं: पाच हवा, पंधरा किलो, दादाचा कोट. आमचे मोठे साहेब कुठलाही कागद दोनदा वाचल्याशिवाय खाली ठेवत नाहीत. त्यांनी साडेचार पानं दोनदा वाचली. मी समोर उभा.

"हे खरं असावं," ते म्हणाले. "खोटा खुलासा इतका वाईट कोणी लिहीत नाही. पण फाइलला पुरावा लागतो. कपडे सादर करा."

"सगळे?"

"जेवढ्यांचा उल्लेख आहे तेवढे."

तर दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता, आमच्या चाचणी कक्षात, ज्या टेबलावर मी किती तरी व्यापाऱ्यांची वजनं पालथी घातली, त्याच टेबलावर माझे लांब बाह्यांचे बनियन मांडण्यात आले. साहेब खुर्चीत बसले. हेडक्लार्क बाई चष्म्याची दोरी गळ्यात, हातात रजिस्टर घेऊन उभ्या राहिल्या. त्यांची नोकरी माझ्यापेक्षा दोन वर्षांनी जास्त, आणि बोलणं माझ्यापेक्षा पुष्कळ कमी. दारात जेवढे मावतील तेवढे सहकारी होते. जे मावले नाहीत ते खिडकीतून बघत होते. प्रत्येक वस्तू खात्याच्या प्रमाणित काट्यावर ग्रॅमपर्यंत तोलून नोंदवली गेली. लोकरी पायमोजे, जोडी एक, एकशे अठ्ठावीस ग्रॅम. "असे किती?" "चौदा जोड्या." खिडकीत कोणीतरी खोकलं. त्या खोकल्याला मी ओळखतो आणि त्याच्या बढतीच्या वेळी मी ते लक्षात ठेवीन असं तेव्हा ठरवलं होतं.

कोट आला तेव्हा साहेब स्वतः उठून बघायला आले. चार किलो तीनशे बारा. "अंगात घालून दाखवा," ते म्हणाले. मी घातला. टोपी घातली. मफलर गुंडाळला. साहेबांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि लेखी नोंद सांगितली: "सदर पोशाखात अधिकारी ओळखू येत नाही हे खरं, परंतु हेतू वेषांतराचा दिसत नाही. हेतू काय आहे हे पोशाखावरून सांगता येत नाही."

हसू आवरण्यात सगळे गुंतलेले असताना हेडक्लार्क बाई टेबलाजवळ आल्या आणि एकेक कपडा हाताने चाचपून बघू लागल्या. मग म्हणाल्या, "साहेब, एक बोलू? यांनी एकेका हवेसाठी एकेक वेगळा ड्रेस घेतलाय. हवा अशी रांगेत उभी राहून एकेक येत नाही. ऊन आहे म्हणेपर्यंत पाऊस, आणि पाऊस आहे म्हणेपर्यंत वारा. हे दर वेळी खोलीत जाऊन कपडे बदलत बसले तर बघणार काय?"

त्यांनी टेबलावरचा एक पातळ स्वेटर उचलला.

"पातळ पातळ घ्यायचं आणि एकावर एक घालायचं," त्या म्हणाल्या. "गरम झालं की एक काढायचं, गार झालं की एक चढवायचं. सगळ्यात वर एक पाणी न शिरणारं जाकीट. ते एकच ऊन सोडून सगळ्याला चालतं." आणि दहा मिनिटांत त्यांनी माझ्या तीन आठवड्यांच्या कामाचे दोन ढीग केले. धुकं-संच पूर्णच्या पूर्ण 'नको'च्या ढिगात गेला. 'हवं'च्या ढिगातले कपडे बॅगेत भरून ती काट्यावर ठेवली. चौदा किलो आठशे पन्नास.

"हे तुम्हाला कसं माहीत?" मी विचारलं.

"माझा भाऊ मासेमारीच्या बोटीवर होता," त्या म्हणाल्या. "त्याची पिशवी मीच भरायचे." आणि रजिस्टर मिटून जागेवर गेल्या. एकतीस वर्षं त्या माझ्यापासून दोन टेबलं सोडून बसत होत्या, आणि मी सल्ला लिहून घेतला होता चीफसाहेबांचा.

साहेबांनी 'खुलासा समाधानकारक' असा शेरा मारला. कोट मात्र कागदपत्रं पूर्ण होईपर्यंत पुराव्यादाखल कचेरीत राहील असं ठरलं, आणि त्या एका निर्णयासाठी मी साहेबांना आजन्म दुवा देईन. मी वहिनीला फोन केला. "वहिनी, कोट सरकारने ठेवून घेतला."

"सरकारने?" ती म्हणाली. तिने विचारलं, "एवढा चांगला होता का तो?" आणि मग तिने ही बातमी अभिमानाने चार घरी सांगितली. दादाने फक्त एवढंच विचारलं, "खटला लांबेल ना?"

शाल पुन्हा बॅगेत गेली, आणि आम्ही निघालो. शेवटच्या टप्प्यावरचं विमानतळ एखाद्या बस स्टँडएवढं होतं. एकच काउंटर, एकच काटा, त्यामागे एक तरुण मुलगी. मी माझी बॅग ऐटीत काट्यावर ठेवली आणि मान दुसरीकडे वळवली, जणू काही आकडा मला पाठ आहे.

"काका, तुमची बॅग जड आहे," ती म्हणाली. इंग्रजीत, पण अर्थ तोच.

पंधरा किलो सातशे. मी म्हटलं, शक्य नाही. ती म्हणाली, आकडा समोर आहे. मी खांद्यावरच्या पिशवीतून सीलबंद पाण्याची एक लिटरची बाटली काढली आणि बॅग उतरवून ती काट्यावर ठेवली. लिटरभर पाणी म्हणजे एक किलो, वर प्लास्टिकचे वीसपंचवीस ग्रॅम. काटा म्हणाला, एक किलो शंभर. माझ्या अंगात निरीक्षक संचारला. मी तिला सांगितलं की तुमचा काटा खोटा आहे, आणि हे मी एकतीस वर्षांच्या अनुभवाने सांगतोय.

ती मुलगी उर्मट नव्हती. तिने बाटलीकडे बघितलं, आकड्याकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाली, "बरोबर असेल तुमचं. तुम्ही लेखी तक्रार केलीत तर मला हा काटा आत्ता बंद करावा लागेल. काटा बंद म्हणजे विमान थांबेल. दुसरा काटा परवाच्या विमानाने येईल. फॉर्म देऊ?"

बोट त्याच संध्याकाळी सुटणार होती. मी मागे बघितलं. बायको दोन्ही पासपोर्ट छातीशी धरून उभी होती. मी बोलेन ते तिला चाललं असतं, आणि तेच वाईट होतं.

डोळ्यांसमोर खोटा काटा आहे, हातात पुरावा आहे, आणि मी गप्प बसलो, असं माझ्या नोकरीत तोवर एकदाही घडलं नव्हतं. त्या दिवशी घडलं. "राहू दे," मी म्हटलं, आणि बॅग उघडून जमिनीवर बसलो.

"दोन स्वेटर माझ्या बॅगेत टाका," बायको म्हणाली. "जागा आहे."

"आहे?"

"तीन आठवडे आहे."

बोटीवरचे पहिले तीन दिवस कडक ऊन पडलं. आमच्यासोबतची माणसं अर्ध्या बाह्यांच्या शर्टात डेकवर पडून होती. खोलीतली गरम हवा तर बंदच करता येईना, त्यामुळे आत आलं की मी बनियनवर बसायचो आणि चीफसाहेबांची मनोमन क्षमा मागायचो. चौथ्या दिवशी सकाळी हिमनदी यायची होती. नाश्ता करून वर गेलो तर समुद्र नाही, आकाश नाही, बोटीचं टोकसुद्धा नाही. सगळीकडे पांढरं धुकं. भोंग्यावरून कप्तानाने सांगितलं, "हिमनदी आपल्या अगदी समोर आहे. दिसत नाही याबद्दल दिलगीर आहोत. दोन तास थांबू, मग मागे फिरावं लागेल."

पंधरा मिनिटांत लोक कॉफी प्यायला आत गेले. बायको गेली नाही. ती कठड्याला दोन्ही हात धरून धुक्याकडे बघत उभी राहिली. मी म्हटलं, आत चल, काही दिसलं की सांगतील. ती म्हणाली, "तुम्ही जा."

मग मला काम मिळालं. मी खाली गेलो आणि तिचा स्वेटर आणला. थोड्या वेळाने वारा सुटला, तेव्हा स्वेटरवर शाल. पाऊस भुरभुरू लागला, तेव्हा तिचं जाकीट. पाऊस थांबून त्याचे पांढरे कण झाले, तेव्हा तिच्याकडचं सगळं संपलं होतं. मग मी माझा पातळ स्वेटर तिच्या जाकिटाखाली चढवला, माझी टोपी तिच्या डोक्यावर घातली, माझे हातमोजे तिच्या हातमोज्यांवर ओढले. ती समोरची नजर न काढता लहान मुलीसारखा एकेक हात पुढे करत होती. शेवटी वारा फारच वाढला, तेव्हा मी माझं जाकीट काढून तिच्या खांद्यांवर टाकलं. आता आठ दिवसांतला माझा सगळ्यात चांगला पोशाख, हेडक्लार्क बाईंनी पास केलेला, तिच्या अंगावर होता, आणि माझ्याकडे एक शर्ट होता.

एक तास पन्नास मिनिटं झाली तेव्हा धुकं फाटलं. आधी वर एक कड दिसली, आपण जिथे आकाश समजत होतो तिथे. मग ती कड खाली खाली उतरत गेली आणि संपेचना. एवढा मोठा बर्फ असतो हे मला माहीत नव्हतं. कॉफी पिणारे धावत बाहेर आले आणि कठड्यापाशी गर्दी झाली. कोणीतरी फोटो काढायला बायकोच्या शेजारी घुसलं.

मी तिच्याकडे बघितलं. मला वाटलं, ती रडेल. तिने घसा साफ केला. मग हात लांब करून, शेजारच्या परक्या बाईला, तिच्या नवऱ्याला आणि एका अर्ध्या चड्डीतल्या म्हाताऱ्याला ती सांगू लागली, सरळ आपल्या मराठीत, शाळेतल्या आवाजात, मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं: "हे बघा, ही स्थिर नाही. दिसते स्थिर, पण सरकतेय. वरून बर्फ पडतो, तो दाबला जातो, आणि स्वतःच्या वजनाने खाली येतो. त्या काळ्या रेघा बघा. ते डोंगराचे दगड आहेत, ती बरोबर घेऊन येतेय."

त्या लोकांना एक शब्द कळला नसेल. पण फोटो काढणारी बाई हात खाली करून ऐकू लागली. हात जाईल तिकडे सगळ्यांच्या माना जाऊ लागल्या. दूर बर्फाचा एक कडा सुटून पाण्यात पडला, आवाज मागाहून आला, आणि ती म्हणाली, "हे बघितलंत?" त्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. अर्ध्या चड्डीतल्या म्हाताऱ्याने तर चक्क हात वर केला. त्याला काहीतरी विचारायचं होतं.

"थांबा, शेवटी प्रश्न घेते," बायको म्हणाली, आणि त्याने हात खाली घेतला.

माझे दात वाजत होते. खाली खोली गरम होती, तिथे जाऊन मला बसता आलं असतं. पण तास चालू होता, आणि मधेच उठून गेलेलं तिला कधीच चालत नाही.